ला पाझ : वर कोण, खाली कोण

बोलिव्हियातल्या ला पाझला विमानाने जाणारा माणूस आधी शहराच्या डोक्यावर उतरतो आणि मग शहरात जायला खाली निघतो. विमानतळ दरीच्या वरच्या पठारावरच्या एल आल्तो या शहरात आहे, 4,061 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ अडीच पट उंचीवर. बॅग उचलली तरी धाप लागते. गाडी कड्याच्या काठाशी आली की खाली कढईसारखी खोल दरी दिसते, काठापर्यंत विटांच्या घरांनी भरलेली. मलबार हिलची सवय असलेल्या आपल्याला इथला हिशेब उलटा वाटतो. जितकं खाली जावं तितकी हवा दाट आणि ऊबदार, आणि वस्तीही श्रीमंत.

1548 मध्ये आलोन्सो दे मेंदोसा या स्पॅनिश सरदाराने हे गाव वसवलं ते मुळात वर, पठारावरच्या लाहा इथे. तिथला बोचरा वारा सोसवेना, म्हणून काही दिवसांतच मुक्काम दरीत हलला. दरीत आयमारा या मूळच्या लोकांची वस्ती आधीपासून होती आणि चोकेयापू नदीच्या वाळूत सोनं सापडत होतं. (वाऱ्याचं कारण खरंच, पण सोन्याचं जास्त खरं असावं.) नदीच्या एका काठाला स्पॅनिश लोक राहिले, दुसऱ्या काठाला, सान फ्रान्सिस्को चर्चच्या बाजूला, मूळचे रहिवासी. आज पर्यटक लोकरीचे स्वेटर घ्यायला फिरतात त्या चढाच्या गल्ल्या याच बाजूच्या.

मार्च 1781 मध्ये स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठलेल्या तुपाक कातारी आणि बार्तोलिना सिसा या आयमारा नवरा-बायकोने दरीच्या काठावर तळ ठोकून शहराची कोंडी केली. मधला खंड सोडला तर वेढा काही महिने चालला, आत हजारो माणसं उपासमारीने आणि रोगांनी मेली. शहर काही पडलं नाही. नोव्हेंबरमध्ये कातारीला पकडून हालहाल करून मारण्यात आलं. पण एक गोष्ट कायमची कळून चुकली : काठ ज्याच्या हातात, त्याच्या हातात शहराचा गळा.

1899 च्या यादवीनंतर सरकारचा कारभार सुक्रे या जुन्या राजधानीहून ला पाझला आला. देशाच्या खाणींत चांदीचे दिवस सरले होते, पुढे कथिलाचे आले. 1985 मध्ये कथिलाचा भाव कोसळला, सरकारी खाणी बंद पडल्या आणि खाणकामगारांची कुटुंबं वर एल आल्तोत येऊन राहिली. त्याच वर्षी एल आल्तो वेगळी नगरपालिका झाली. 2012 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ला पाझहून जास्त भरली. ऑक्टोबर 2003 मध्ये नैसर्गिक वायूच्या निर्यातीवरून तिथल्या लोकांनी रस्ते अडवले, खाली इंधन आणि अन्न पोचेना. सैन्याच्या गोळीबारात अनेक जण मारले गेले आणि अध्यक्ष सांचेस दे लोसादा देश सोडून गेले. 1781 चा डाव पुन्हा मांडला गेला होता, या खेपेला निकाल वेगळा लागला.

2014 पासून तेलेफेरिको ही रोपवे वर-खाली करते, आणि ती पर्यटकांसाठी बांधलेली नाही. घरकाम करणाऱ्या बाया, कारकून, विद्यार्थी रोज तिच्यातूनच जातात-येतात. लाल मार्ग दफनभूमीवरून वर चढतो. गुरुवारी किंवा रविवारी जावं, वरच्या स्टेशनाबाहेर मोठा बाजार भरतो : जुने कपडे, गाड्यांचे सुटे भाग, बटाट्याचे कितीतरी प्रकार.