कासच्या काठावरचा दीड तास

साताऱ्यात समर्थ मंदिराजवळून निघून यवतेश्वरचा घाट चढायला लागलो तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. डिसेंबर महिना, त्यामुळे अंधारही होता आणि थंडीही. बरोबर एकोणीस वर्षांचा भाचा. घाट चढून पेट्रीवरून कासचं पठार, पुढे कास तलावावर जेवण आणि विसावा, मग खाली बामणोलीला कोयनेच्या फुगवट्याच्या काठी मुक्काम, असा बेत होता. पस्तीस किलोमीटरच्या वरची चाल. भाच्याला तळ्यावरचा विसावा म्हणजे फुकट गेलेला वेळ वाटत होता. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे माझं मत बरोब्बर उलटं होतं.

चढाचा हिशेब सोपा आहे. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे आणि कासचं पठार १२०० मीटरच्या आसपास. माणूस आणि पाठीवरची सॅक मिळून ६५ किलो धरले, तर एवढं वजन ५०० मीटर वर न्यायला साधारण ७५ किलोकॅलरींचं काम पडतं. पण स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कामाला लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे खर्च ३०० किलोकॅलरी, एका मोठ्या ज्वारीच्या भाकरीएवढा. आडवं अंतर कापायचा खर्च वेगळा, आणि तो याच्या कितीतरी पट. वाया जाणारी उष्णता बाहेर काढायला घाम येतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणून थंडीतही पाठ भिजते, आणि थांबलं की तीच भिजलेली पाठ काकडायला लावते.

पठारावर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. फुलांचा हंगाम कधीच सरलेला, गवत पिवळं पडलेलं आणि मधूनमधून उघडा जांभा. जांभ्याला हात लावला तर कोमट लागला. तिथून थोड्या अंतरावर झाडीतून तळ्याकडे उतरलो आणि हवाच बदलली. तेवढ्याच वजनाच्या दगडापेक्षा पाण्याला तापायला जवळजवळ पाचपट उष्णता लागते. शिवाय ऊन दगडाच्या वरच्या थरातच अडकतं, पाण्यात मात्र खोलवर जातं आणि वारा ते पाणी ढवळत राहतो. भोवतालची झाडं पानांतून वाफ सोडतात, तीही हवेतली उष्णता ओढून घेते. दमलेल्या शरीराला हवं असतं ते सगळं इथे एका जागी मिळतं.

भाचा बूट काढून थेट पाण्याकडे निघाला. मी थांबवलं. हे पाणी साताऱ्याच्या नळांना जातं. उंचावरचं तळं असल्यामुळे ते उताराने आपोआप शहरापर्यंत पोचतं. त्यात पाय बुडवायचे नाहीत, हा माझा हट्ट आहे. बाटलीतल्या पाण्याने पंचा भिजवून पायांना गुंडाळला. गारव्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, वेदनेचे संदेश मंदावतात आणि पाय शांत होतात. मोजे उन्हात टाकले. घामाने भिजलेली कातडी मऊ पडते, मोज्याला चिकटते, वरचा थर ओढला जातो आणि फोड येतो. तासभर मोकळे राहिलेले कोरडे पाय पुढच्या दहा किलोमीटरला फार उपयोगी पडतात.

मग पाय सॅकवर ठेवून उताणे पडलो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला शिरा दाबतात आणि रक्त वर हृदयाकडे ढकलतात. एकदम थांबून नुसतं उभं राहिलं की हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचतं आणि काहींना भोवळ येते. पाय उंच ठेवले की तेच रक्त आपल्या वजनाने परत येतं.

जेवायला भाकरी, खर्डा, कांदा आणि बाटलीतलं लिंबाचं सरबत, मीठ आणि साखर दोन्ही घातलेलं. आतड्यात सोडिअम आणि ग्लुकोज हे जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. जुलाब झाल्यावर आपण जलसंजीवनी देतो त्यामागचं तत्त्व हेच.

दीड तासाने उठलो तर मांड्या लाकडासारख्या. गार पडलेला स्नायू ताठरतो, म्हणून पहिली दहा मिनिटं सावकाश चालायचं. पण भाचा म्हणाला, "आत्या, आता तर उतारच आहे!" आणि पळत सुटला.

खरी गोम इथेच आहे. बेताच्या उतारावर सपाटीपेक्षाही कमी ऊर्जा लागते, धाप लागत नाही, म्हणून उतार सोपा वाटतो. पण उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावतो. एरवी तो आखडून काम करतो. इथे मात्र आखडायचा जोर लावत असतानाच शरीराच्या वजनाने तो ताणला जातो. अशा कामाला कमी तंतू जुंपले जातात, त्यामुळे प्रत्येकावर जास्त भार येतो आणि आतली सूक्ष्म रचना जागोजागी उसवते. त्या क्षणी काही जाणवत नाही. दुरुस्तीसाठी सूज येते, आसपासच्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात, आणि एक ते तीन दिवसांत दुखणं टिपेला पोचतं. हे "लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे" होतं असं जिममध्ये अजूनही सांगतात. ते खरं नाही. चाल थांबली की लॅक्टेट तासाभरात ओसरतं, परवाच्या दुखण्याचा दोष त्याच्यावर येऊच शकत नाही. उशिरा येणारी ही वेदना तंतू फाटल्यामुळे असावी, असं अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच मांडलं होतं.

बामणोलीला सूर्य मावळायच्या आत पोचलो. समोर शिवसागराचं, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचं पाणी, काठाला बांधलेल्या लाँच. भाचा अगदी ताजातवाना होता, मला उगाच घाबरवतेस म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. जिना चढता येतोय, उतरता येत नाही, कठडा धरून आडवा उतरतोय. मी त्याला हलकं चालायला आणि भरपूर डाळ-उसळ खायला सांगितलं. आठवड्याभरात पाय मोकळे झाले. तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा तोच उतार उतरलो, या वेळी छोटी पावलं टाकत, गुडघे किंचित वाकवून. उसवलेला स्नायू दुरुस्त होताना त्याच कामासाठी आधीपेक्षा तयार होतो, आणि एकाच उताराची ही शिकवण काही आठवडे टिकते. तिसऱ्या दिवशी मीच फोन केला. तो जिना उतरत होता, पायऱ्यांचा धडधड आवाज मला फोनवर ऐकू येत होता.