घोड्याच्या तोंडावरच्या खुणा : शुभाशुभापासून नोंदवहीपर्यंत

घोड्याच्या कपाळावरचा टिळा, नाकाडावरून उतरणारा पट्टा किंवा नाकपुड्यांमधला पांढरा ठिपका जन्मतःच असतो आणि सहसा आयुष्यभर टिकतो. आपल्याकडे या खुणांकडे फार पूर्वीपासून शुभाशुभाच्या नजरेने पाहिले गेले. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘अभिधानचिंतामणी’ या कोशात शेपूट, छाती, चारही खूर, आयाळ आणि तोंड पांढरे असलेल्या घोड्याला ‘अष्टमंगल’ म्हटले आहे. चार पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी, तर अंगठ्याखाली झाकला जाईल एवढाच टिळा असलेला घोडा अशुभ, अशा समजुती घोडेबाजारांत अजून ऐकू येतात. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेत गिऱ्हाईक घोड्याच्या चालीइतकेच त्याच्या अंगावरचे भोवरेही, म्हणजे केसांची वर्तुळाकार वळणेही, निरखून पाहते.

खुणांची पद्धतशीर नोंद मात्र श्रद्धेपेक्षा अविश्वासातून वाढली. सरदाराला किंवा स्वाराला घोड्यांच्या संख्येवर वेतन मिळत असेल, तर हजिरीच्या दिवशी उसना घोडा उभा करणे, एकच घोडा दोनदा दाखवणे किंवा चांगला घोडा विकून त्या जागी भाकड तट्टू बांधणे हे मोह ओघानेच आले. अलाउद्दीन खिलजीने (कारकीर्द १२९६ ते १३१६) यावर उपाय म्हणून घोड्याला तापल्या लोखंडाने डाग देण्याची आणि शिपायाचे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत अमलात आणली. शेरशाहने ती पुन्हा चालवली आणि अकबराने १५७३-७४ च्या सुमारास तिला पक्के रूप दिले. मोगल दफ्तरात डागाच्या जोडीने ‘चेहरा’, म्हणजे स्वार आणि घोडा या दोघांचे लेखी वर्णन असे. या दोन्ही गोष्टी एकमेकींना पूरक होत्या, कारण घोडा तपासला गेला आहे एवढेच डागावरून कळते, तो नेमका कोणता हे सांगायला रंग आणि खुणाच लागतात. मराठी फौजेतही शिलेदार स्वतःचा घोडा आणि बारगीर सरकारी घोडा घेऊन चाकरी करत असल्याने कोणता घोडा कोणाचा हा प्रश्न थेट पैशाचा होता.

युरोपात हीच गरज शर्यतींमुळे तीव्र झाली. इंग्लंडमध्ये १७९१ पासून ‘जनरल स्टड बुक’मध्ये वंशावळी छापल्या जाऊ लागल्या, पण वंशावळ कागदावर असते आणि समोरचा घोडा तोच आहे याची हमी तिच्यात नसते. १८४४ च्या एप्सम डर्बी या इंग्लंडमधल्या शर्यतीत ‘रनिंग रेन’ या नावाने जिंकलेला घोडा प्रत्यक्षात ‘मॅकाबियस’ नावाचा चार वर्षांचा घोडा निघाला. शर्यत तीन वर्षांच्यांसाठीच असल्याने विजय ‘ऑर्लंडो’ला देण्यात आला. १९८४ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे ‘फाइन कॉटन’च्या जागी दुसराच घोडा धावला आणि त्याच्या पायांवर पांढऱ्या खुणा चक्क रंगाने रंगवल्या होत्या! तो रंग ओघळला.

आजच्या घोड्याच्या पासपोर्टमध्ये, म्हणजे त्याच्या ओळखपुस्तिकेत, चेहऱ्याची व शरीराची रेखाकृती असते. तिच्यात पांढऱ्या खुणा लाल शाईने भरतात आणि भोवरे काळ्या फुलीने दाखवतात. एकेकाळी शकुनासाठी मोजलेला भोवरा इथे निव्वळ पुरावा ठरतो, आणि पांढरा केसही नसलेल्या एकरंगी घोड्याच्या बाबतीत तर तोच मुख्य आधार असतो. करड्या घोड्यांची अडचण वेगळी आहे. वयाबरोबर त्यांचे अंग पांढरे होत जाते आणि टिळा त्यात हरवतो. मग त्याखालच्या गुलाबी कातडीवरून कडा शोधाव्या लागतात.

खुणांच्या जोडीला इतर उपायही आले. अमेरिकेत १९४७ पासून शर्यतीच्या घोड्यांच्या ओठाच्या आतल्या बाजूला क्रमांक गोंदवणे सुरू झाले. ब्रिटन व आयर्लंडमध्ये १९९९ पासून थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या शिंगरांना मायक्रोचिप सक्तीची झाली, आणि जन्मदात्यांची खात्री आता डीएनएवरून होते. तरीही रेखाकृती रद्द झालेली नाही. त्यामागे एक जैविक कारणही आहे. भ्रूणावस्थेत रंगपेशी शरीरभर पसरताना कुठे पोहोचतात आणि कुठे नाहीत, यात योगायोगाचा वाटा असतो. त्यामुळे एकाच जनुकसंचापासून तयार केलेल्या क्लोन घोड्यांच्याही तोंडावरचे पट्टे सारखे नसतात. अशा दोन घोड्यांचा डीएनए एकच अहवाल देईल, पण कपाळावरच्या टिळ्याचा आकार त्यांना वेगळे ओळखू देतो.