चप्पल रुळते, हेडफोनचं काय?

कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळच्या चप्पल लाइनीतून नवी कोल्हापुरी घेतली की पहिले काही दिवस ती चावतेच. तेल लावायचं, घरातल्या घरात घालून फिरायचं, मग ती पायात रुळते. भाच्यानं जरा महागाचा हेडफोन घेतला, तेव्हा दुकानदारानं त्याला तसाच सल्ला दिला : "शंभर तास वाजवा, मग खरा आवाज उघडतोय." पोरगं अॅम्प्लिफायर जोडून, आवाज फुल्ल करून झोपलं. सकाळी फरक बघायला हेडफोन तसाच कानाला लावून अर्धा तास ऐकलं. दुपारपर्यंत कानात शिट्टी वाजत होती.

बहुतेक हेडफोनच्या आत केसापेक्षाही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो. त्याला बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत बसतं. वीज आली की वेटोळं मागंपुढं होतं, पडदा हवा ढकलतो. नव्या पडद्याची कड वाजून वाजून किंचित सैल पडू शकते. पण मोजायला गेलं तर फरक इतका किरकोळ, की हेडफोन काढून पुन्हा डोक्यावर ठेवला तरी आवाज त्याहून जास्त बदलतो.

मग लोकांना फरक जाणवतो तो कशाचा? बराचसा कानावर टेकणाऱ्या गाद्यांचा. गाणं लावा आणि दोन्ही वाट्या तळहातांनी हलकेच दाबा, बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, लगेच वाढेल. गादी कानाभोवती घट्ट बसली नाही, तर फटीतून सगळ्यात आधी बासच गळतो. चष्म्याची काडी अशी फट हमखास करते. गादी मऊ होऊन काडीभोवती बसली, की गळती कमी. उरलेलं काम आपला मेंदू करतो. नव्या आवाजाची त्याला हळूहळू सवय होते आणि आपल्याला वाटतं, हेडफोनच सुधारला.

तरीही हौस असेल, तर रोजच्याच आवाजात वाजवा. फुल्ल आवाजानं वेटोळं तापून जळू शकतं. आणि कानाला लावण्याआधी आवाज खाली आणायचा, हे विसरू नका.

कारण कानातलं सामान बदलून मिळत नाही. प्रत्येक कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या साधारण 15 हजार केसपेशी असतात. मेल्या की माणसात त्या परत उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो. पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा : 83 ला 20 तास, 86 ला 10. असं करत 101 ला गेलात, तर अख्ख्या आठवड्यात 20 मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. (विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढं नाचणाऱ्यांनी आपला हिशेब स्वतःच करावा.)

माझ्या मते चांगल्या हेडफोनवर पैसे घालायचं मोठं कारण इथंच आहे. केएमटीच्या बसमध्ये साध्या इअरफोनवर इंजिनाच्या घरघरीवर मात करायला आपण आवाज चढवत जातो. कान पूर्ण झाकणाऱ्या वाट्या किंवा नॉइज कॅन्सलिंग ती घरघरच कमी करतात, मग गाणं हळू आवाजातही भरीव लागतं. रस्त्यावर चालताना मात्र हे नको, मागून हॉर्न मारणारा ऐकू यायला हवा.

पंधरा दिवसांनी भाचा म्हणाला, "मामा, आता बास लई भारी लागतोय." मी हेडफोन हातात घेऊन बघितला. दोन्ही गाद्यांवर त्याच्या चष्म्याच्या काडीची खाच उमटली होती.