अंतराळवीराच्या मानेतली गुठळी

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर मुक्कामाला दोनेक महिने झालेल्या एका अंतराळवीराला कसलाही त्रास नव्हता. एका संशोधनासाठी मानेची सोनोग्राफी तेवढी चालू होती. अंतराळवीराने प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचं हातात धरायचं उपकरण, स्वतःच मानेवर धरायचा आणि पृथ्वीवरचे तज्ज्ञ सांगतील तसा फिरवायचा. डोक्यातलं रक्त हृदयाकडे आणणाऱ्या डाव्या बाजूच्या शिरेत त्यांना रक्ताची गुठळी दिसली! अवकाशात अशी गुठळी पहिल्यांदाच आढळत होती. नाव गुप्त ठेवून डॉक्टरांनी २०२० साली ही हकीकत प्रसिद्ध केली.

आपण उभे असतो तेव्हा डोक्यातलं रक्त गुरुत्वाकर्षणामुळे सहज खाली उतरतं. स्थानकावर ती मदत मिळत नाही. या संशोधनात ११ अंतराळवीर होते. पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास त्यांतल्या ६ जणांच्या या शिरेत रक्त थबकलेलं किंवा चक्क उलट वाहताना आढळलं. साचलेलं रक्त गोठू शकतं, आणि गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

स्थानकावर रक्त पातळ करणारं इंजेक्शन होतं, पण मोजकंच. वजनरहित अवस्थेत कुपीतून औषध सिरिंजमध्ये ओढणं हीसुद्धा कसरतच. उपचार सुरू झाले, आणि साठा पुरावा म्हणून ३३ दिवसांनी डोस कमी केला. बेचाळिसाव्या दिवशी मालवाहू यानातून आलेल्या गोळ्या सुरू झाल्या. पण रक्त पातळ केलं की रक्तस्रावाची भीती वाढते. म्हणून परतीच्या चार दिवस आधी गोळ्या थांबवल्या, कारण उतरताना मार लागू शकतो. पृथ्वीवर आल्यावर दहा दिवसांत गुठळी नाहीशी झाली.

नासा जोखमीकडे दोन बाजूंनी पाहते : घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर परिणाम किती गंभीर. किरणोत्साराचा हिशोब त्यातल्या त्यात स्पष्ट आहे. अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० मिलीसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणोत्साराचं माप), आणि मंगळावर गेलेल्या क्युरिऑसिटी यानाने वाटेत केलेल्या मोजमापावरून मंगळाच्या नुसत्या जाण्या-येण्यातच सुमारे ६६० होतात. हाडांचं कसं? व्यायाम नसेल तर महिन्याला एक ते दीड टक्का घनता जाते, हेही ठाऊक आहे. गुठळीसाठी मात्र मोजायला माणसंच थोडी आहेत. अकरा जणांवरून शक्यता काढायची, तीही निरोगी आणि पारखून निवडलेल्या लोकांवरून. म्हणून मला वाटतं, त्रास नसतानाही केलेल्या अशा तपासण्यांना मोहिमेच्या वेळापत्रकात पहिल्या रांगेत जागा मिळायला हवी.

मंगळाच्या वाटेवर मालवाहू यान मागवता येणार नाही. निरोप पोचायलाच वीसहून जास्त मिनिटं लागू शकतात, म्हणजे डॉक्टरांच्या सांगण्याबरहुकूम प्रोब फिरवणं तिथे शक्य नाही. सोनोग्राफी वाचणारा माणूस, तीन महिन्यांचा उपचार पुरेल इतकं औषध आणि रक्तस्राव झालाच तर त्यावरचा उतारा, हे सगळं उड्डाणाआधीच यानात असावं लागेल.