मस्टँग: कायद्याने वाचवले, कुरणात मावेनात

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या दहा राज्यांतल्या सरकारी माळरानांवर २०२४ च्या मोजणीनुसार सुमारे ७३ हजार जंगली घोडे (यांनाच मस्टँग म्हणतात) आणि गाढवं होती. जमीन सांभाळणाऱ्या ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’च्या हिशेबाने त्या रानाला झेपतील अशी जनावरं फार तर साडेपंचवीस हजार. शिवाय ६० हजारांहून जास्त घोडे पकडून आणून सरकार स्वतःच्या खर्चाने पोसतंय. यांना मारायचं की वाढू द्यायचं, एवढ्यावरच वाद आहे असं बातम्या वाचून वाटतं. पण हा घोळ झाला कसा, हे कळायला पन्नास-पाऊणशे वर्षं मागे जावं लागतं.

घोड्याचं मूळ उत्तर अमेरिकेतलंच. मात्र सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो तिथून नामशेष झाला. पुढे स्पॅनिशांनी जहाजांतून घोडे आणले. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याकडे सोळा घोडे होते. १६८० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो लोकांनी स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला आणि त्यानंतर घोडे मूलनिवासी जमातींमध्ये झपाट्याने पसरले. सुटलेली, सोडून दिलेली, हरवलेली जनावरं रानात वाढली. नंतर त्यांत लष्कराचे आणि शेतकऱ्यांचे घोडे मिसळले. म्हणून आजचा मस्टँग मूळचा की उपरा, याचं उत्तर कोण देतंय त्यावर ठरतं. घोडाप्रेमी म्हणतात, घरचा प्राणी घरी परतला. गुराखी आणि बरेच परिसंस्था-अभ्यासक म्हणतात, पाळीव जनावर मोकाट सुटलंय. वाद रंगतो खरा, पण कुरणाचा प्रश्न त्याने तसूभरही हलत नाही.

विसाव्या शतकात चित्र पालटलं. १९३४ च्या टेलर चराई कायद्याने सरकारी रानात गुरं चारण्यासाठी परवाने आणि चराईचे पट्टे ठरवून दिले. आपल्याकडच्या गायरानासारखीच ही जमीन तोवर ‘ज्याची काठी त्याची म्हैस’ या न्यायाने चालत होती. आता कोणाची किती गुरं, हे कागदावर आलं. त्या कागदावर घोड्यांचं नाव नव्हतं, म्हणजे ते परवान्याचं गवत खाणारे चोर ठरले. घोडे पकडणाऱ्यांचा धंदा जोरात आला. विमानातून बंदुकीचे बार काढत कळप डोंगरातून खाली हाकलायचा, मग ट्रकमधून पाठलाग करून फास टाकायचा. दोराच्या दुसऱ्या टोकाला ट्रकचं जड टायर बांधलेलं असे. घोडा ते ओढत ओढत दमून कोसळला की त्याला बांधून गाडीत चढवायचं. तिथून तो कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाद्याच्या कारखान्यात जाई.

१९५० मध्ये नेवाडातल्या रेनो शहरात नोकरीला निघालेल्या व्हेल्मा जॉन्स्टन यांना रस्त्यात पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसलं. त्यांनी ट्रकचा पाठलाग केला. आत जखमी घोडे कोंबलेले होते. पेशाने सेक्रेटरी असलेल्या या बाईंनी पुढची सत्तावीस वर्षं, मरेपर्यंत, याच कामाला वाहून घेतलं. विरोधकांनी चिडवायला ठेवलेलं ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’ हे नाव त्यांनी बिनदिक्कत मिरवलं. १९५९ मध्ये सरकारी जमिनीवर विमानं आणि मोटारगाड्या वापरून घोडे पकडायला आणि पाणवठ्यांत विष कालवायला बंदी आली. ती पुरेना, तेव्हा त्यांनी शाळकरी मुलांना हाताशी धरलं. मुलांच्या पत्रांनी वॉशिंग्टनच्या टपालपेट्या ओसंडल्या.

अखेर जंगली घोड्यांना आणि गाढवांना संरक्षण देणारा १९७१ चा कायदा संसदेत एकमताने मंजूर झाला आणि १५ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. पश्चिमेच्या इतिहासाची ही जिवंत प्रतीकं आहेत, असं कायदाच म्हणतो. त्यांना पकडणं, डाग देणं, छळणं, मारणं हा गुन्हा ठरला. न्यू मेक्सिको राज्याने याला आव्हान दिलं, पण १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा अधिकार एकमताने मान्य केला.

माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ इथेच आहे. धंदा क्रूर होता, पण घोड्यांची संख्या तोच खाली ठेवत होता. कायद्याने तो बंद केला, ते योग्यच केलं. त्या जागी काय, याचा विचार मात्र अर्धवट राहिला. या रानांत घोड्याला शत्रू जवळपास नाहीत. पहाडी सिंह, म्हणजे प्यूमा, काही भागांत शिंगरं मारतो, तेवढंच. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०१३ मध्ये सांगितलं की कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतात. म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट.

त्यामुळे जाचक वाटतील अशा काही तरतुदी हळूहळू परत आल्या. १९७६ मध्ये हेलिकॉप्टरला परवानगी मिळाली. १९७८ च्या दुरुस्तीने ‘जादा’ घोडे काढून टाकणं ब्युरोवर बंधनकारक झालं. आज कळप उठवताना हेलिकॉप्टर त्यांना दोन्ही बाजूंना तागाचं कापड ताणलेल्या, निमुळत्या होत जाणाऱ्या वाटेकडे रेटतं. वाटेच्या तोंडाशी शिकवलेला घोडा धरून ठेवलेला असतो. कळप जवळ आला की त्याला सोडतात. तो सरळ कोंडवाड्यात धावतो आणि बाकीचे त्याच्यामागे. येशूला दगा देणाऱ्या शिष्याच्या नावावरून तिथे त्याला ‘जुडास घोडा’ म्हणतात. आत गेल्यावर मानेच्या डाव्या बाजूला अतिथंड लोखंडाने नोंदणीचा डाग दिला जातो.

पकडलेल्यांचं करायचं काय? मूळ कायद्यात, आणि १९७८ नंतर आणखी स्पष्टपणे, कोणी न घेतलेली जनावरं वेदनारहित पद्धतीने मारायची मुभा आहे. पण संसद दरवर्षीच्या खर्चाच्या विधेयकात धडधाकट घोडे मारायला पैसा वापरू नका, असं बहुतेक वेळा लिहिते. मतदारांना घोडा मेलेला बघवत नाही. राहिला दत्तक देण्याचा मार्ग. १९८४ ते १९८८ या काळात शुल्क माफ करून मोठ्या संख्येने घोडे वाटले गेले आणि त्यांतले हजारो कत्तलखान्यात पोचले. २००४ मध्ये सिनेटर कॉनरॅड बर्न्स यांच्या दुरुस्तीने दहा वर्षांवरचे किंवा तीनदा नाकारले गेलेले घोडे बिनशर्त विकायची सोय केली. पुन्हा गदारोळ. २००७ मध्ये देशातले शेवटचे घोड्यांचे कत्तलखाने बंद पडले, तरी कॅनडा आणि मेक्सिकोची सीमा उघडीच होती. २०१९ मध्ये प्रत्येक दत्तकामागे हजार डॉलर देण्याची योजना निघाली. दोनच वर्षांत, पैसे खिशात पडले की घोडे लिलावात विकले जातात, हे वृत्तपत्रांनी उघड केलं. २०२५ मध्ये कोलोरॅडोतल्या संघीय न्यायालयाने ती योजना रद्द केली. चाळीस वर्षांपूर्वीचीच गोष्ट, फक्त आता सरकारने वर पैसेही मोजले होते.

म्हणून घोडे साठत गेले. ब्युरोच्या घोड्यांवरच्या खर्चाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग पकडलेल्यांच्या चारापाण्यावर जातो. मग रानातल्यांच्या प्रजननावर उपाय करायला उरतं किती?

उपाय आहे. डुकराच्या बीजांडकोशापासून बनवलेली पीझेडपी ही गर्भनिरोधक लस मेरिलंडच्या असाटीग बेटावर १९९४ पासून नियमित वापरात आहे. घोडीला दुरूनच बाण मारून टोचायची. तिथला कळप कोणालाही न उचलता आटोक्यात आला. पण तिथे घोडीन् घोडी ओळखीची आहे. नेवाडात माणूस दिसताच मैलभर पळणाऱ्या, शेकडो चौरस मैलांत विखुरलेल्या घोडीला तीस-चाळीस पावलांवरून बाण मारायचा, आणि लशीचा परिणाम टिकवायला पुढच्या वर्षी तिलाच पुन्हा शोधायचं. त्यामुळे टोचायलाही आधी पकडावं लागतं.

दुसरी बाजू गुरांची. ब्युरो सुमारे साडेपंधरा कोटी एकरांवर चराई देतो. घोड्यांसाठीची जमीन २ कोटी ७० लाख एकरांच्या आसपास, आणि तिथेही बहुतेक ठिकाणी गुरं असतातच. २०१९ पासून २०२५ पर्यंत गाय-वासराच्या महिनाभराच्या चराईचा दर होता १.३५ डॉलर. खासगी कुरणाच्या तुलनेत हे फुकटच. घोडाप्रेमींचा आक्षेप असा की दुष्काळाचं खापर घोड्यांवर फुटतं आणि गाई चरत राहतात. त्यात तथ्य आहे. पण गुरं हिवाळ्यात दुसरीकडे हलवता येतात, घोडा बारा महिने त्याच पाणवठ्यावर उभा असतो, हे गुराख्यांचं म्हणणंही खोटं नाही.

हे सगळं एका जागी बघायचं तर दक्षिण वायोमिंगमधलं रॉक स्प्रिंग्ज. १८६० च्या दशकात रेल्वेला लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना एक चौरस मैल सोडून एक, अशी जमीन देण्यात आली. नकाशावर बुद्धिबळाचा पट. घोड्याला सरकारी चौकोन कुठे संपतो ते कळत नाही, आणि खासगी जमिनीवर घुसलेले घोडे काढा असं मालकाने सांगितलं तर सरकारला काढावे लागतात. तिथल्या चराई संघटनेने खटला भरला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. त्यातून सरकारी चौकोनांवरचे घोडेही उचलले गेले. २०१६ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, सरकारी जमीन खासगी समजून चालणार नाही. २०२३ मध्ये ब्युरोने दोन पूर्ण कळप आणि तिसऱ्याचा काही भाग हटवायचं ठरवलं. जिल्हा न्यायालयाने ते उचलून धरलं, तर जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला.