तीन खुणांवरून नौकेचे स्थान

किनाऱ्यावरच्या तीन ओळखीच्या खुणांमधले दोन आडवे कोन मोजून नौका नकाशावर नेमकी कुठे आहे हे काढण्याची पद्धत. दीपगृह, देवळाचा कळस, डोंगराचे टोक, गिरणीची चिमणी, यांतली कुठलीही खूण चालते. मात्र ती सागरी नकाशावर दाखवलेली हवी.

पद्धतीचा पाया दहावीच्या भूमितीत आहे. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात. त्यामुळे दोन खुणांमधला कोन मोजला, की नौका त्या खुणांतून जाणाऱ्या एका ठरावीक वर्तुळावर कुठेतरी असणार हे ठरते. खुणा एकमेकींपासून २ सागरी मैलांवर असतील आणि कोन ३०° भरला, तर वर्तुळाची त्रिज्याही २ मैल येते. मधली आणि तिसरी खूण यांच्यातला कोन दुसरे वर्तुळ देतो. ही वर्तुळे मधल्या खुणेपाशी आणि आणखी एका बिंदूत छेदतात. त्या दुसऱ्या बिंदूवर नौका असते.

कोन मोजायला सेक्स्टंट हे आरसे लावलेले कोन मोजण्याचे उपकरण आडवे धरतात. एक खूण थेट दिसते, दुसरी आरशातून. दोन्ही एकमेकींवर आल्या की कोन वाचायचा. होकायंत्र लागतच नाही, म्हणून चुंबकीय विचलनाचा, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या फरकाचा, आणि बोटीवरच्या लोखंडाचा प्रश्न उरत नाही. हातातल्या होकायंत्राने दिशा घेताना अंशाची चूक सहज होते आणि ३ मैलांवर एका अंशाची चूक म्हणजे सुमारे ९७ मीटर. सेक्स्टंट कलांपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, कोन दाखवतो. म्हणूनच उपग्रहांच्या आधी किनाऱ्याजवळ पाण्याची खोली मोजणारे सर्वेक्षक हीच पद्धत वापरत. नौका पुढे सरकत असते, त्यामुळे दोघे जण एकाच क्षणी एकेक कोन घेत. नकाशावर वर्तुळे काढायचीही गरज नसे: स्टेशन पॉइंटर या तीन भुजांच्या कोनमापकावर दोन्ही कोन लावायचे आणि तिन्ही भुजा तीन खुणांवरून जाईपर्यंत तो सरकवायचा. तो नसेल तर ट्रेसिंग पेपरवर तीन रेषा काढूनही भागते.

खरे कौशल्य खुणा निवडण्यात आहे. तिन्ही खुणा आणि नौका एकाच वर्तुळावर आल्या, तर दोन्ही वर्तुळे एकच होतात आणि उत्तरच मिळत नाही. मुंबई बंदराबाहेर पश्चिमेला उभे राहून प्रॉंग्स दीपगृह, खांदेरी बेट आणि त्यांच्यामागे दूरवरचा करंजाचा डोंगर घेतला, की हा धोका उभा राहतो, कारण या तिघांतून जाणारे वर्तुळ समुद्रात पुढे आलेले असते. अगदी त्यावर नसले तरी त्याच्या जवळपास उत्तर डळमळते. मधली खूण बाकी दोघींपेक्षा जवळची असावी, तिन्ही खुणा जवळजवळ एका रेषेत असाव्यात किंवा नौका त्यांच्या त्रिकोणाच्या आत असावी.

गणिताच्या अंगाने हा प्रश्न जमिनीवर सुटला. प्रकाशाच्या अपवर्तनाचा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या विलेब्रोर्ड स्नेलने नेदरलँड्समधल्या लायडन शहरातल्या चर्चच्या शिखरांवरून स्वतःच्या घराचे स्थान काढले आणि १६१७ मध्ये ती रीत प्रसिद्ध केली.

खडक टाळायला एकच कोन पुरतो. किनाऱ्यावरच्या दोन खुणांतून जाणारे, खडकाला सुरक्षित अंतर ठेवून पोटात घेणारे वर्तुळ नकाशावर काढायचे आणि त्यावरचा कोन सेक्स्टंटवर लावून ठेवायचा. खुणांमधला कोन त्याहून लहान आहे तोवर नौका वर्तुळाबाहेर आहे. तो वाढून तिथवर आला, की सुकाणू समुद्राकडे वळवायचे.