मरवा चुरगळला की

भाद्रपदात नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारातून पत्रीची जुडी आणली, की तिच्यात बारीक, करड्या-हिरव्या पानांची एक काडी हमखास सापडते. तो मरवा. गणपतीच्या २१ पत्रींमधला एक. गजऱ्यातही ओवतात. स्वयंपाकघराचा उंबरठा मात्र तो आपल्याकडे सहसा ओलांडत नाही, आणि मला त्याचीच हळहळ वाटते.

मरव्याचं शास्त्रीय नाव ओरिगॅनम मेजोराना. कूळ तुळशीचं, माहेर सायप्रस आणि तुर्कस्तानकडचं. पिझ्झ्यावर भुरभुरतो तो ओरेगॅनो याच्याच गोत्रातला. ओरेगॅनोचा झणका कार्व्हाक्रॉल नावाच्या द्रव्यामुळे येतो. मरव्यात ते नगण्य, म्हणून हा गोडसर.

भिंगातून पाहिलं तर पानावर चकाकणारे ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळलं की त्या फुटतात आणि दरवळ सुटतो. ताज्या पानातल्या वासाचा मुख्य धनी सॅबिनीन हायड्रेट नावाचं द्रव्य. तेल काढण्यासाठी पानांतून वाफ सोडली, की उष्णतेने आणि पानातल्या आम्लाने यातलं बरंचसं बदलून टर्पिनेन-४-ऑल तयार होतं. जंतुनाशक म्हणून वापरतात त्या टी ट्री तेलातही प्रमुख घटक हाच. बाटलीतल्या मरव्याच्या तेलाला दवाखान्यासारखा वास येतो, तो यामुळे. कुंडीतल्या पानाची सर त्याला नाही.

टर्पिनेन-४-ऑल उकळायला २०० अंशांहून अधिक तापमान लागतं, तरी पाण्याच्या वाफेचा हात धरून ते १०० अंशांच्या आतच उडून जातं. त्यामुळे वरण रटरटत असताना मरवा घातला तर घरभर घमघमाट सुटेल, पण ताटात काही उरणार नाही. ही द्रव्यं तेलात मात्र छान विरघळतात. म्हणून मी गोळाभातावरच्या तेलात मरवा घालते: मोहरी-हिंगाची फोडणी तडतडली की गॅस बंद, तेल जरा निवू द्यायचं आणि मग चिमूटभर पानं चुरगळून टाकायची.

नागपूरची काळी माती याला मानवत नाही. पावसात ती फुगते, पाणी धरून बसते. मरवा तर कोरड्या, निचऱ्याच्या उतारांवरचा. अंगणात लावलेलं माझं पहिलं रोप श्रावणातच मुळाशी कुजलं. आता कुंडीत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं घेते. दिवाळीच्या सुमारास चार बोटं लांबीची काडी खोचायची. थंडीत रोप झपाट्याने भरतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की हिरव्या जाळीखाली ठेवायचं, ऊन फक्त सकाळचं. गाठींसारख्या कळ्या दिसू लागल्या, की फुलण्याआधीच छाटणी करावी. वाळल्यावर कोथिंबिरीचा वास जातो, तसा सावलीत वाळवलेल्या मरव्याचा जात नाही.

पोटातल्या वातावर मरवा देण्याची परंपरा जुनी आहे. त्याचं तेल प्रयोगशाळेत जिवाणूंची वाढ रोखतं, पण काचेच्या बशीतला जिवाणू वेगळा आणि माणसाचं पोट वेगळं. माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत, त्यामुळे चालू औषधं बंद करून मरव्यावर विसंबू नये. गरोदरपणी तो भाजी-आमटीत चालेल, औषध म्हणून नको. बाटलीतलं तेल तर कुणीच पोटात घेऊ नये.

जेवणानंतर कपभर गरम पाण्यात चार-पाच काड्या टाकून पाच मिनिटं वर बशी झाका. बशीखाली जमलेले थेंब कपातच निथळू द्या. निसटू पाहणारा वास त्यांच्यातच असतो.